वहीत नसलेले कूळ

मार्गशीर्षाची चंद्रकोर दिसली, की नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील कोकणा कुटुंबांना एक बोलावणे पोहोचते. ते छापलेले नसते, त्यावर स्थळ-वेळ नसते आणि खाली ‘आपले विनीत’ म्हणून नावांची रांगही नसते. तरीही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत टोळीने राबणारा गडी, नाशिकच्या वसतिगृहातील विद्यार्थी आणि कुठे तरी शिक्षक म्हणून बदलीवर गेलेला थोरला मुलगा, या सर्वांना ते कळते. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव मांडला जातो, तो पौर्णिमेपर्यंत चालतो. काही ठिकाणी तो दरवर्षी होतो, काही ठिकाणी नवस आणि ऐपत पाहून काही वर्षांच्या अंतराने. ज्या वर्षी तो होतो त्या वर्षी कुळातील माणसाने गावी असावे, अशी अपेक्षा असते.

बाहेरून पाहणाऱ्याला या उत्सवात पावरीचे सूर, फेर धरून नाचणारे व्रतस्थ ‘माऊल्या’ आणि अंगात येणारे वारे दिसते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून त्याची वर्णने येतात तीही बहुधा एवढ्यावरच थांबतात. वस्तुतः त्या फेराबाहेर जे चाललेले असते ते अधिक मोलाचे आहे. कोण कोणाचा चुलता, कोणाची बहीण कोणत्या पाड्यावर दिली, कोणता भाऊ जमिनीपायी गाव सोडून घाटाखाली उतरला आणि त्याची मुले आता कोणते आडनाव लावतात, याची उजळणी चुलीपाशी आणि शेकोटीपाशी होत असते. भगत देवांची नावे घेतो तशी गेलेल्या माणसांचीही नावे निघतात. थाळीवर मेणाने काडी उभी करून, तिच्यावरून बोटे ओढीत संथ नाद काढणारा गायक धरित्रीची आणि कणसरीची कथा रात्रभर सांगतो. त्या कथेच्या विसाव्यात घरोघरच्या कथा चालतात. पौर्णिमेच्या आदल्या रात्री सारा समूह डोंगरावरच्या गडाला जातो. त्या रात्री जो आला नाही त्याची चौकशी होते, आणि कुळात तो अजून मोजला जातो याची खूण म्हणजे ही चौकशीच होय.

होळीनंतर सुरू होणाऱ्या बोहाड्यातही हाच धागा आढळतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकामागून एक सोंगे नाचत येतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे कोणीही उचलून तोंडाला बांधावेत असा प्रकार नसतो. पुष्कळ गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा वहिवाटीचा मान ठरलेला असतो. बापामागून मुलाने, मुलगा नसेल तर पुतण्याने ते नाचवावयाचे. काही ठिकाणी या मानाचा आता लिलाव होतो, हे खरे. परंतु जेथे वहिवाट टिकली आहे तेथे ते सोंग म्हणजे त्या घराण्याचा चालताबोलता दाखलाच असतो. मुखवटा घरात टांगलेला आहे आणि तो बांधणारा मुलगा मात्र शहरात कंत्राटी नोकरीवर आहे, अशा वेळी सुट्टी मिळणे न मिळणे हा केवळ हौसेचा प्रश्न उरत नाही.

याच मुलखात गावाबाहेर, एखाद्या झाडाखाली, लाकडाचे वा दगडाचे चिरे उभे असतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला वीर. गेलेल्या माणसाला कुळाने दिलेली ही जागा आहे. बहुतेक चिऱ्यांवर अक्षर नसते. घरातील म्हातारा माणूस बोट दाखवून सांगतो, तेवढाच काय तो लेख.

पांढरपेशा महाराष्ट्राने हे काम कागदावर केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, विशेषतः चित्पावन घराण्यांतून, कुलवृत्तांत छापण्याची प्रथा रुजली. गोत्र, मूळ गाव, कुलदैवत, घराण्याच्या शाखा, पिढ्यांचे क्रमांक, लेकीसुनांची माहेर-सासरची नावे, असे त्यांचे स्वरूप ठरून गेले. त्यातूनच कुलसंमेलने आली. मंगल कार्यालयात दोन दिवस जमावयाचे, ज्येष्ठांचा सत्कार, गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके, आणि पुढच्या आवृत्तीसाठी भरून द्यावयाचे तक्ते. या संमेलनांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत आणि तेथील आत्मगौरव कधी कधी थट्टेस पात्रही असतो. पण या घराण्यांनी आपली नावे स्वतः लिहिली, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यांनी ती लिहिली नाहीत त्यांच्यासाठीही तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांनी लिहून ठेवली. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी यात्रेला आलेल्या माणसाने आपले गाव आणि आडनाव सांगावे, उपाध्यायाने नामावळीची लांबट वही काढावी आणि पणजोबांची नोंद वाचून दाखवावी, हा अनुभव महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी घेतला आहे.

पेठेपासून त्र्यंबकेश्वर काही फार लांब नाही. पण क्षेत्री जाऊन पितरांचे विधी करावयाचे आणि वहीत नाव घालावयाचे ही ज्यांची रीतच नव्हती, त्यांचे कूळ त्या वहीत येणार कसे? इंग्रजी अमदानीनेही मोठ्यांचीच दखल घेतली. पेठ हे एके काळी छोटेसे संस्थान होते. १८५७ च्या उठावात तेथील भगवंतरावांना फाशी झाली आणि १८७८ मध्ये संस्थान खालसा झाले. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये त्या राजघराण्याचा इतिहास सविस्तर सापडतो. रयत मात्र जातीच्या नावाने, एकगठ्ठा वर्णनात आली. तिची पूजा, तिचा पोशाख, तिची पिके यांच्या नोंदी झाल्या. माणसांची नावे कोणी विचारली नाहीत.

ती नावे आता विचारली जातात, आणि येथेच या कौटुंबिक मेळ्यांचा प्रश्न सण-उत्सवाच्या कक्षेबाहेर पडतो. अनुसूचित जमातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यामुळे जमातीचा दावा तपासताना त्या तारखेपूर्वीच्या कागदांना सर्वाधिक वजन असते. १९७६ च्या कायद्याने जमातींवरील क्षेत्रबंधन उठले, त्यानंतर नामसाधर्म्याचा लाभ घेऊन खोटे दावे वाढले, अशी तक्रार होऊ लागली आणि ती निराधार नव्हती. १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धती घालून दिली. पुढे राज्याने केलेला कायदा २००१ मध्ये अमलात आला. आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार या कायद्याने अर्जदारावरच टाकला. खोट्यांना रोखण्यासाठी उभारलेल्या या फाटकातून खऱ्यांनाही जावे लागते, आणि ज्या तालुक्यात दहांपैकी नऊहून अधिक माणसे आदिवासी आहेत तेथील मुलालाही वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्राचीच रांग धरावी लागते.

त्या अर्जाला वंशावळ लागते, शपथपत्रावर. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, त्या भावांची मुले. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज नोंदवहीतील उतारा मिळतो. १९३७ मध्ये दादासाहेब बिडकरांनी स्थापन केलेल्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांमुळे या भागातील काही घरांत तो मिळतोही. पण ज्यांच्या घरी शाळेची पायरी प्रथम नातवानेच चढली, त्यांनी काय करावे? शिवाय नोंदी सरळ नसतात. यादीत कोकणा, कोकणी, कुकणा ही तिन्ही नावे एकत्र आहेत खरी. परंतु एका नोंदीत आडनाव आहे आणि दुसरीत नाही, एकात ‘सोन्या’ आहे तर दुसऱ्यात ‘सोनू’, हे दोघे एकच इसम होत असे दाखवून देणे हे कारकुनाच्या लेखणीने एका क्षणात केलेले आणि नातवाने वर्षानुवर्षे निस्तरावयाचे काम होऊन बसते. अशा वेळी सख्ख्या-चुलत नात्यातील कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर तो मोठाच आधार असतो. मात्र तो चुलता आपलाच आहे, हे आधी ठाऊक हवे. त्याची भेट तीन वर्षांपूर्वी डोंगऱ्यादेवाला झाली असेल तर ते ठाऊक असते.

या पडताळणीत आणखी एक कसोटी आहे, तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. दक्षता पथकाने गावी जाऊन जमातीच्या चालीरीती, दैवते, बोली, जन्ममृत्यूचे विधी यांविषयी विचारावयाचे आणि अर्जदाराची उत्तरे त्याच्याशी जुळतात काय ते पाहावयाचे. म्हणजे शेकोटीपाशी जे सहज कानावर पडते, त्याचीच ही तोंडी परीक्षा! आश्रमशाळेत आणि शहरातील वसतिगृहात वाढलेल्या मुलाला कणसरीची कथा येत नाही, यात त्याचा दोष कोणता? शिक्षणासाठी गाव सोडा, असे एका हाताने सांगावयाचे आणि गाव सुटल्याची शिक्षा दुसऱ्या हाताने द्यावयाची, यातील विसंगती न्यायालयाच्याही लक्षात आली. स्थलांतर आणि आधुनिक राहणी यांमुळे जुन्या खुणा पुसट होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले. मार्च २०२३ च्या निकालात तर आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. निकाल स्वागतार्ह आहे. तथापि त्याने वंशावळीचे महत्त्व कमी झालेले नाही. पित्याकडील रक्ताचे नाते दाखविल्याखेरीज नातलगाच्या प्रमाणपत्राचा उपयोग होत नाहीच.

जमिनीची गोष्टही याहून निराळी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे तीत सरकारी कागदांबरोबर वंशावळ आहे, वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन आहे, आणि विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणाही आहेत. अक्षर नसलेल्या चिऱ्याला कायद्याने प्रथमच बोलू दिले म्हणावयाचे. पण कोणता चिरा कोणाचा, हे सांगणारा म्हातारा हयात हवा आणि त्याचे ऐकणारे कोणी जवळ बसलेले हवे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हे दुःख दुसऱ्या रीतीने भोगले आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांची नावे तेथील जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्याआधीचे पूर्वज मालकांच्या कागदांत मालमत्ता म्हणून मोजलेले. १९७६ मध्ये ॲलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ प्रसिद्ध झाले आणि आजीच्या तोंडी असलेल्या चार शब्दांवरून मूळ शोधण्याची लाटच उसळली. त्या पुस्तकाच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी पुढे गंभीर आक्षेप निघाले. तरीही उन्हाळ्यात विखुरलेल्या कुटुंबांनी एकत्र जमण्याच्या रिवाजाला त्याने बळ दिले. फरक एवढाच, की त्या कुटुंबांना हरवलेले शोधावे लागले. पेठच्या कुटुंबांजवळ ते अजून पुष्कळसे शिल्लक आहे.

मात्र ते किती काळ राहील, हे सांगवत नाही. भात, नागली, वरई निघाली की पेठ तालुक्यातील हातांना गावात काम उरत नाही. पावसाळ्यात बेसुमार पाणी आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग, अशा या मुलखातून टोळ्या बाहेर पडतात त्या नेमक्या त्याच वेळी, ज्या वेळी मार्गशीर्ष येतो. तिकडे द्राक्षबागांत घडांची विरळणी आणि डिपिंग सुरू असते. ते काम दिवसावर नव्हे तर घटकेवर चालते. एकरी उक्ते ठरविलेल्या कामातून पाच-सहा माणसे उत्सवासाठी गेली तर टोळीचे सारे गणित कोसळते. तेव्हा पौर्णिमेला एकच रात्र येणारे, सकाळच्या एस.टी.ने परत फिरणारे वाढू लागतात. गडावर जाता येते, पण शेकोटीपाशी बसणे होत नाही. देवाचे होते, नात्याचे राहून जाते.

यावर उपाय म्हणून कोणी कुलवृत्तांत छापण्याचा सल्ला देईल. छापावेत, त्यात गैर काही नाही. पण त्याहून साधी गोष्ट गावातच होण्यासारखी आहे. करंजाळी, कोहोर, जोगमोडी अशा गावांतील शाळांत जुन्या नोंदवह्या आहेत, शिक्षक आहेत, आणि बोहाड्याला घरी येणारी पदवीधर मुलेही आहेत. एका रात्रीच्या बैठकीत म्हाताऱ्याने सांगावे, मुलाने लिहावे, ग्रामसभेत ते वाचावे, आणि नोंदवहीतील ‘सोन्या’ कोणता ते तेथेच ठरावे. अर्ज करावयाची वेळ येईपर्यंत थांबल्यास सांगणारा उरेलच असे नाही. अर्थात, शासनाने स्वतःच जी माहिती कधी टिपली नाही ती पुरविण्याचा भार सर्वस्वी त्या मुलावर टाकावा, हे न्यायाचे होत नाही. तालुक्याच्या जुन्या जन्ममृत्यूच्या आणि जमिनीच्या नोंदी नीट लावून मागेल त्याला देणे, एवढे तरी कचेरीचे काम आहे.

आणि ही बैठक होईल तेव्हा सांगावयास बसेल ती बहुधा आजी असेल. दुसऱ्या कुळातून लग्न होऊन आलेली ही बाई साठ वर्षे या घरच्या प्रत्येक उत्तरकार्याला भाकरी भाजत आली आहे. कोणत्या दिराचा कोणता मुलगा कोणत्या साली गेला, कोणत्या नणंदेला कोणत्या पाड्यावर दिले, हे तिलाच मुखोद्गत असते. ती सांगत जाईल तशी शपथपत्रावरची वंशावळ भरत जाईल, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. तो कागद पित्याकडील रक्ताचे नाते दाखविण्यापुरताच असल्याने त्यात तिचे स्वतःचे नाव लिहावयाला रकाना नसतो.