गोळ्या फुकट, मग पाटल्या कुठे गेल्या?

"वैनी, गोळ्या फुकट मिळतात ओ, पण त्या गोळ्यांपर्यंत पोचायला माझ्या दोन पाटल्या गेल्या!" काजूच्या कारखान्यात गर सोलणाऱ्या एका बाईचं हे बोलणं. तिच्या नवऱ्याला टीबी झाला होता. आता तो बरा आहे, पुन्हा होडीवर जायला लागलाय. पाटल्या मात्र पतसंस्थेतून अजून सुटलेल्या नाहीत.

रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत क्षयरुग्णांच्या घरी माझं जाणं-येणं असतं. "टीबीचं औषध सरकार फुकट देतं, मग खर्च कसला?" असं चांगली शहाणीसुरती माणसंही विचारतात. म्हणून एक दिवस या बाईबरोबर बसून मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत हिशेबच मांडला.

गणपतीनंतर नवऱ्याचा खोकला सुरू झाला. गावातल्या डॉक्टरकडे चार खेपा झाल्या, दर खेपेला इंजेक्शन आणि खोकल्याची बाटली. मग संध्याकाळचा ताप यायला लागला, अंग उतरलं. शहरातल्या खासगी दवाखान्यात रक्त तपासलं, एक्स-रे काढला, महागाच्या गोळ्या दिल्या. दिवाळीच्या सुमारास खोकताना रक्त पडलं आणि घरचे घाबरले. रात्री गाडी करून एका खासगी हॉस्पिटलात नेलं. तिथे आधी आगाऊ रक्कम, मग खाट! पाच दिवस सलाइन, इंजेक्शनं, पुन्हा तपासण्या. तिथून "कोल्हापूरला दाखवा" म्हणून आंबा घाटातून कोल्हापूर. शेवटी तिथे कुणीतरी बेडका तपासायला सांगितलं आणि टीबी निघाला. एक चिठ्ठी हातात देऊन डॉक्टर म्हणाले, "औषध तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात मिळेल."

वहीतली बेरीज अडतीस हजारांच्या वर गेली. आणि यातला एकही रुपया टीबीच्या औषधाचा नाही!

या बेरजेत काय नाही तेही सांगते. ऐन मासेमारीच्या हंगामात त्याचा होडीतला वाटा बुडाला, तो नाही. तिचा रोज बुडाला, तो नाही. खाटेशेजारी बसणाऱ्या माणसाचा खर्च तर कुठल्याच बिलात नसतो. दोन वेळचं बाहेरचं जेवण, चहा, शहाळं, एसटीची तिकिटं, रिक्षा, घरी शेजारणीकडे ठेवलेली पोरं. आपल्याकडे खाटेवर पुरुष असो की बाई, शेजारी बसायला बहुतेकदा बाईच असते. तिची मजुरी बुडते, याला कुणी खर्च म्हणतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं यासाठी एक माप आहे. टीबीपायी होणारा सगळा खर्च, बुडालेल्या मजुरीसकट, घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांवर गेला, तर त्या घरावर आपत्ती आली असं धरतात. या घराचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम दीड लाख. म्हणजे तीस हजारांवर आपत्ती! पहिली गोळी पोटात जाण्याआधीच हे घर ती रेघ ओलांडून गेलं होतं.

आता मैत्रिणींनो, हा खर्च टळला असता का? माझ्या मते बराचसा टळला असता. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम यांतलं काही असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका द्यायचा. तोंडातली थुंकी नव्हे, सकाळी खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका. सीबीनॅट नावाचं यंत्र साधारण दोन तासांत सांगतं, की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का. पैसे लागत नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, दाखल होणं, सगळंच मोफत आहे. पण सरकारी दवाखान्यात जाणं म्हणजे कमीपणा, अशी आपली समजूत. गावात कळेल ही भीती वेगळीच.

दुसरी समजूत म्हणजे टीबी झाला की माणसाला हॉस्पिटलात ठेवायलाच हवं. ही जुन्या काळातून आलेली आहे. मुंबईत गिरणीत खोकायला लागलेला चाकरमानी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात जायचा, घाटावर मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनिटोरियम होतं. औषधच नव्हतं तेव्हा आराम, हवा आणि खाणं एवढाच उपाय. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. त्यानंतर १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. झोपडपट्टीतले दोनशेच्या आसपास रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच तीच औषधं दिली. सॅनिटोरियमवाल्यांना खाणं चांगलं, आराम जास्त. तरी निकाल जवळजवळ सारखे! शिवाय घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. त्या गरीब माणसांच्या जिवावर साऱ्या जगाने टीबीचे उपचार घरी आणले, आणि आपल्याकडे अजून "ॲडमिट करून घ्या हो" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात.

दाखल व्हावं लागतं, नाही असं नाही. रक्त जास्त पडत असेल, धाप लागत असेल, टीबी मेंदूत गेला असेल, गोळ्यांनी कावीळ झाली असेल, तेव्हा हॉस्पिटल हवंच. पण बाकीच्यांना सहा महिने रोज घरी गोळ्या पुरतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. खंड मात्र पडता कामा नये, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार लांबतात. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी सरकारी गोळ्यांचा तुटवडा पडला होता. तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी दुकानातून विकत घेतल्या. ज्यांना नाही जमलं, त्यांचं काय, हे विचारायला हवं होतं. फारसं कुणी विचारलं नाही.

आणि बाईला टीबी झाला तर? हा हिशेब मी मुद्दाम वेगळा ठेवलाय. नवरा खोकला तर पाटल्या निघतात, बायको खोकली तर अडुळशाचा काढा निघतो. संगमेश्वरकडच्या एका सुनेला "माहेरी जाऊन बरी होऊन ये" म्हणून पाठवलं. खर्च माहेरच्या म्हाताऱ्यांनी केला. बाळ सासरी ठेवून घेतलं. खरं तर योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लागणीची भीती पुष्कळ कमी होते. पण हे सासूला सांगायला आशाताई आणि मी दोघी तीनदा जाऊन आलो, तेव्हा कुठे ती सून घरी परतली.

गोळ्यांइतकंच महत्त्व खाण्याला आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य-डाळ देऊन अभ्यास केला. जिथे घरच्या सगळ्यांना जास्तीचा शिधा मिळाला, तिथे घरच्यांमध्ये नवीन टीबी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे नुसत्या पेजेवर माणूस सहा महिने काढतो. अंडी, सुकट, कुळीथ, नाचणी, शेंगदाणे काही महागडी नाहीत, पण बाईच्या ताटात ती सगळ्यांत शेवटी येतात.

यासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून पैसे देतं. २०१८ मध्ये सुरुवातीला महिना पाचशे होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यांनाही मिळतात, फक्त त्यांची नोंद झालेली हवी. २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा "माझी नोंद केली का?" असं विचारायला संकोचू नका. १८००-११-६६६६ या निक्षयच्या मोफत क्रमांकावरही विचारता येतं.

पैसे थेट बँक खात्यात येतात आणि बायकांचं गाडं नेमकं तिथेच अडतं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. कुणाचं खातंच नाही, कुणाचं वर्षानुवर्षं वापर नसल्याने बंद पडलेलं. एका बाईचे उपचार संपले तरी पहिला हप्ता आला नव्हता. म्हणून आमच्या बचत गटातल्या बायका आता रुग्णाच्या घरी गेल्या की चहा व्हायच्या आत पासबुक आणि आधार कार्ड मागून घेतात, नावं जुळतात का ते ताडून बघतात, आणि जुळत नसतील तर दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन बँकेत जातात.