झांकावें, पुसूं नये

इंद्रायणीकांठचें चिखली हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं कारखाने व गृहसंकुलें उभीं राहिलीं. वस्ती वाढली कीं समारंभ वाढतात, आणि समारंभांबरोबर फलकहि वाढतात. बारसें, वास्तुशांत, गणेशोत्सव, पुण्यस्मरण, प्रसंग कोणताहि असो. संगणकावर चित्र जुळवून तें फ्लेक्सवर छापून देणारीं दुकानें अशा उपनगरांतून ठिकठिकाणीं असतात.

अशाच एखाद्या दुकानांत एक कुटुंब आजोबांच्या वर्षश्राद्धाकरितां त्यांचें जुनें छायाचित्र घेऊन आलें आहे, अशी कल्पना करावी. कारागिरानें तें संगणकांत उतरवून घेतलें, चेहऱ्याभोवतीं वर्तुळ आंखलें, आणि वर्तुळाबाहेरचें सारें पुसून टाकिलें. फलक देखणा झाला. पुढें दोन वर्षांनीं कुटुंबास तें चित्र पूर्ण हवें झालें. घरची कागदी प्रत पावसाळ्यांत ओल लागून गेलेली. आणि दुकानांतल्या प्रतींत आजोबा तेवढे होते, त्यांच्या शेजारीं बसलेली आजी नव्हती. वर्तुळांत न मावल्यामुळें ती पुसली गेली होती!

चित्राला आकार द्यावयाचा तर तें कापावेंच लागतें, ही समजूत अशा नुकसानीच्या मुळाशीं असते. एके काळीं ती खरीहि होती. राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला शिळाछापखाना पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. शिळाछापाची रीतच अशी कीं, एकेका रंगासाठीं निराळा दगड लागे, आणि त्याच दगडावर नवें चित्र काढावयाचें तर जुनें घांसून टाकावें लागे. संगणकानें ही अडचण दूर केली. फोटोशॉप ही आज्ञावली १९९० सालीं निघाली व १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तिच्यांत थर आले. कारागीर त्यांना लेअर म्हणतात. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कांचांप्रमाणें प्रत्येक थरावर निराळें चित्र राहतें, आणि एकास हात लावला तरी दुसऱ्यास धक्का लागत नाहीं. या थरांच्या आधारें चित्राला आकार देण्याची जी युक्ति आहे, तिचें नांव क्लिपिंग मास्क.

तिचें तत्त्व घरांतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. कागदावर डिंकानें चांदणी काढावी आणि वर चमकी भुरभुरवावी. चमकी सर्वत्र पडते, पण डिंक असेल तेथेंच टिकते. क्लिपिंग मास्कमध्यें खालचा थर हा डिंक, वरचें छायाचित्र ही चमकी. खालीं वर्तुळ असेल तर छायाचित्र वर्तुळांत दिसतें. अक्षरें असतील तर अक्षरांत दिसतें. भेद एवढाच कीं, कागदावरची उरलेली चमकी झटकली कीं गेली. येथें वर्तुळाबाहेरचें चित्र नाहींसें होत नाहीं, केवळ दृष्टीआड राहतें. जोड सोडविली कीं शेजारची आजी पुन्हां जशीच्या तशी दिसूं लागते.

कृतीहि अवघड नाहीं. आधीं रिकाम्या थरावर आकार काढून तो कोणत्याहि रंगानें भरावा. त्याच्या लगेच वरच्या थरावर छायाचित्र ठेवावें. मग थरांच्या यादींत ऑल्टची कळ दाबून धरून त्या दोन थरांमधील रेघेवर टिचकी द्यावी. छायाचित्र आकारांत बसतें, व तें सरकवून चेहरा मध्यभागीं आणतां येतो. किनार वा सावली द्यावयाची ती खालच्या आकारास द्यावी, म्हणजे छायाचित्र बदललें तरी ती कायम राहते.

खरा लाभ येथेंच आहे. एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या फलकावर वीस कार्यकर्त्यांचीं छायाचित्रें द्यावयाचीं आहेत. वीस वर्तुळें, वीस किनारी, वीस नांवें एकदां नीट मांडून ठेविलीं, तर पुढल्या वर्षीं कार्यकारिणी बदलली तरी मांडणी बदलावी लागत नाहीं. नांवें पालटावीं, नवीं छायाचित्रें त्याच वर्तुळांवर ठेवून जोडावीं, कीं काम झालें. एखादें छायाचित्र काळवंडलेलें असल्यास उजेड वाढविणारा थरहि त्याच आकारास जोडावा. त्याचा परिणाम शेजारच्या चेहऱ्यांवर होत नाहीं.

तीन गोष्टी मात्र सांभाळावयास हव्यात. पहिली ही कीं, खालचा थर संपूर्ण भरलेला असेल, तर सर्वत्र डिंक फांसल्यासारखें होतें आणि आकार उमटतच नाहीं. दुसरी, छायाचित्र एकदां लहान करून पुन्हां मोठें केलें, तर त्याचा रेखीवपणा जातो. म्हणून २००५ सालीं आलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टच्या रूपांत तें ठेवावें, म्हणजे मूळ बारकावे आंत शाबूत राहतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची. छपाईकरितां जेपीजी प्रत काढली, तरी थरांसह पीएसडी प्रत जपून ठेवावी. जेपीजींत सर्व थर एकजीव होतात, आणि झांकलेलें पुन्हां उघडतां येत नाहीं.

फलक चार दिवसांनीं उतरतो आणि विसरला जातो. ज्या छायाचित्रावरून तो केला, तें मात्र कित्येक घरांपाशीं एकच असतें. हें ध्यानीं धरून जो कारागीर पुसण्याऐवजीं झांकतो, त्याचे श्रम तर वांचतातच. पण कोणाची तरी आजीहि वांचते.