डिझाइन ऑप्स : पहिला माणूस कोणत्या कामाला लावायचा?

आता ऑप्सकडे येऊ. शब्द डेव्हऑप्सवरून आलाय. २००९ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात पहिलं डेव्हऑप्सडेज भरलं, तिथून ते नाव रुळलं. डिझाइनवाल्यांनी ते पुढे उचललं.

टीममध्ये चार डिझायनर असतात तोवर एकमेकांना विचारून भागतं. वीस झाले की भागत नाही. मग आपण ऑप्सला माणूस नेमतो, तो नवे फॉर्म काढतो, आणि डिझायनरचं काम उलट वाढतं! म्हणून आधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवू : वेळ स्क्रीन आखण्यात किती जातो, धावपळीत किती.

आमच्या पाहण्यात मोठी धावपळ असते ती युजर रिसर्चसाठी माणसं मिळवण्याची. फोन करा, वेळ ठरवा, संमती घ्या, मानधनासाठी अकाउंट्सच्या मागे लागा. कंटाळून डिझायनर शेजारच्या सहकाऱ्यालाच ॲप दाखवतो. त्याला तर ते पाठ असतं! ग्राहक कुठे अडतो हे मग रिलीजनंतर कळतं.

तेव्हा पहिल्या माणसाकडे हेच द्यावं : यायला तयार असलेल्यांची यादी, मानधनाची ठरलेली वाट आणि एकच संमतीपत्र. ते सोप्या भाषेत हवं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ते मराठीतही वाचायची सोय द्यावी लागते.

टूलची लायसन्स, डिझाइन सिस्टिम नंतर. लायसन्समधली बचत आकड्यात दाखवता येते, म्हणून वरचे लोक आधी तीच मागतील. मागू देत. तीन महिन्यांनी आपण एवढंच मोजू : रिसर्च ठरल्यापासून पहिला ग्राहक समोर बसेपर्यंत किती दिवस गेले.