हायब्रिडचा ब्रेक नेमका कोण लावतं?

भिलाईत जी. ई. रोडवर सुपेल्याच्या चौकात सिग्नल लाल झाला की दोन गाड्या शेजारीशेजारी येऊन उभ्या राहतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण त्यातली एक हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, असेल, तर ती जवळजवळ ब्रेक न लावताच थांबलेली असते. चालकानं पेडल दाबलं हे खरं. पण वेग ताशी दहाएक किलोमीटरवर येईपर्यंत बरंचसं काम ब्रेक पॅडनी केलेलंच नसतं. ते मोटरनं केलेलं असतं. चाकांनी मोटरला फिरवलं, मोटरचा जनरेटर झाला आणि गाडीचा वेग वीज बनून बॅटरीत जाऊन बसला. मग शेवटच्या काही मीटरमध्ये मोटर बाजूला होते, पॅड डिस्कला चिकटतात आणि गाडी थांबते. या दोघांतली अदलाबदल चालकाच्या तळपायाला कळतसुद्धा नाही.

मला हायब्रिडमधलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. आणि गाडी म्हातारी व्हायला लागली की सगळ्यात आधी लक्ष द्यावं तेही इथेच. हायब्रिड म्हटलं की लोक बॅटरीला घाबरतात, उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी वायरींना घाबरतात. मालकांनी जगभर नोंदवलेल्या तक्रारी वाचल्या तर चित्र वेगळं दिसतं. एका यंत्रणेनं काम सोडायचं आणि दुसरीनं उचलायचं, त्या क्षणी गडबड होते.

भिलाईकराला ही कल्पना परकी नसावी. आपल्याकडे रेल्वेचं मोठं इलेक्ट्रिक लोको शेड आहे. तिथल्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाची ताकद सहा हजार अश्वशक्ती. मालगाडी आवरताना त्याच्याही मोटरी जनरेटर होतात आणि वीज डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेत परत जाते. ही युक्ती तर त्याहून जुनी. बोर घाटात धावणारी, १९२८ पासून आलेली जीआयपी रेल्वेची ती लांब नाकाची इंजिनं, ज्यांना कामगार ‘खेकडा’ म्हणायचे, तीही उतारावर वीज परत करायची. टोयोटानं १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस विकायला काढली, तेव्हा तीच युक्ती घरातल्या गाडीत आली. फक्त डोक्यावर तार नाही, म्हणून वीज साठवायला बॅटरी सोबत घ्यावी लागली.

प्रियसच्या पोटात डोकावलं तर आणखी एक नवल दिसतं. इंजिन, दोन मोटरी आणि चाकं यांना जोडणारा एक छोटा प्लॅनेटरी गिअर. मधल्या गिअरला ३० दात, बाहेरच्या कड्याला ७८, त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या छोट्या गिअरना २३. इंजिनानं लावलेल्या जोराचे किती टक्के चाकांकडे जाणार आणि किती जनरेटरकडे, हे कुठला संगणक ठरवत नाही, दातच ठरवतात. ७८ आणि ३० मिळून १०८. म्हणजे सुमारे ७२ टक्के चाकांना, २८ टक्के जनरेटरला. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, रिव्हर्सचा वेगळा गिअरही नाही. तुटण्याजोग्या इतक्या साऱ्या वस्तू इथून कमी केल्या आहेत, की हा भाग वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. म्हातारपण येतं ते दुसरीकडून.

आधी ब्रेककडे वळू. तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. अजून बटण दाबलेलं नाही, किल्ली खिशात आहे, तरी बॉनेटखालून दोन-चार सेकंद घुर्रर्र असा आवाज येतो आणि थांबतो. तो ब्रेकचा पंप. तुम्ही बसणार, बहुधा लवकरच ब्रेक लावणार, म्हणून तो आधीच ब्रेक ऑइलचा दाब तयार करून ठेवतो. हा दाब अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या छोट्या धातूच्या भांड्यात साठतो. आत कोंडलेला नायट्रोजन वायू दाबला जातो आणि स्प्रिंगसारखा ताणून बसतो. टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब, मुठीत मावेल एवढ्या वस्तूत.

इतका खटाटोप कशासाठी? कारण नेहमीच्या वापरात तुमचा पाय आणि चाकाचा ब्रेक यांची थेट गाठच पडत नाही. पेडलखाली सेन्सर असतात. पायाला जाणवणारा घट्टपणासुद्धा मुद्दाम बनवलेला, एका वेगळ्या स्प्रिंगदार भागातून आलेला असतो. सेन्सर सांगतात, ‘एवढं थांबायचंय’; संगणक हिशोब करतो, यातलं मोटर किती करेल, उरलेलं ऑइलच्या दाबानं किती करायचं; आणि झडपा उघडतात. वीजच गेली तर झडपा आपोआप अशा स्थितीत येतात की पेडल पुन्हा थेट ब्रेकला जोडलं जातं. गाडी थांबते, पण पेडल खोल जातं आणि पाय जोरात दाबावा लागतो. ज्या अभियंत्यांनी हा परतीचा रस्ता आधीच बांधून ठेवला, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

या अदलाबदलीत काय चुकू शकतं ते २०१० मध्ये जगानं पाहिलं. त्यावेळी अगदी नव्या असलेल्या या तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या मालकांनी अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याकडे तक्रारी केल्या : खड्ड्यावरून किंवा निसरड्यावरून जाताना ब्रेक दाबला की क्षणभर गाडी सुटल्यासारखी वाटते. १२४ तक्रारी जमल्यावर चौकशी सुरू झाली. कारण होतं मोटरच्या ब्रेककडून ऑइलच्या ब्रेककडे जातानाचा निमिषभराचा खंड. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटानं जगभरातल्या चार लाखांहून जास्त हायब्रिड परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं.

ते सॉफ्टवेअर होतं, एका दुपारीत बदलता आलं. धातूचं तसं नसतं. जून २०१३ मध्ये २००९ साली बनलेल्या सुमारे २ लाख ४२ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण अ‍ॅक्युम्युलेटरला आतून बारीक तडे जाऊन नायट्रोजन ब्रेक ऑइलमध्ये मिसळण्याची शक्यता होती. ऑइलमध्ये वायू आला की पेडल स्पंजासारखं होतं. पुढे वय वाढलेल्या गाड्यांच्या मालकांना निराळी गोष्ट दिसू लागली : आतल्या झडपांतून दाब झिरपतो. गच्चीवरची टाकी गळायला लागली की खालची मोटर सारखी चालू-बंद होते ना, अगदी तसं. गाडी उभी आहे, ब्रेकवर पाय नाही, तरी तो घुर्रर्र आवाज थोड्या थोड्या वेळानं येत राहतो. ब्रेक मात्र अजून छान लागतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मग एक दिवस डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे एकदम लागतात, बीप वाजू लागते, आणि तपासणीच्या यंत्रात सी-१३९१ हा कोड येतो. त्याचा अर्थ, अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब नको तितका गळतोय.

इथे आपल्याकडची एक खास अडचण. पॉवर हाऊसकडच्या मिस्त्रींचा हात कसबी आहे, त्याविषयी शंका नाही. पण ब्रेकची एअर काढायची म्हणजे एकानं पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळचा निपल उघडायचा, ही पिढ्यांची पद्धत या गाडीला पुरत नाही. इथे पंप आणि झडपा संगणकाकडून ठराविक क्रमानं चालवून घ्याव्या लागतात. तसं न केल्यास हवा आत राहते आणि ब्रेक आधीपेक्षा वाईट होतात. हे काम योग्य स्कॅनर असलेल्याकडेच द्यावं.

आणखी एक उलटा प्रकार. साध्या गाडीचे पॅड वापरून झिजतात; हायब्रिडचे वापरलेच न गेल्यानं खराब होतात. मोटरच बरंचसं थांबवते, तेव्हा पॅड लाखभर किलोमीटर जाड राहू शकतात आणि मालक खूश. तोवर पावसाळ्यामागून पावसाळे जातात, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, डिस्कवर गंज धरतो. जोरात थांबायची वेळ येते तेव्हा, म्हणजे नेमकी पॅडची खरी गरज असते तेव्हा, एक चाक धरतं आणि दुसरं धरत नाही. पॅडची जाडी बघून ‘अजून खूप आहे’ म्हणणं इथे उपयोगाचं नाही. कॅलिपर खोलून पिना साफ करून ग्रीस लावणं हे वर्षाचं काम समजावं.

दुसरी अदलाबदल विजेची. तिसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची; मोटरला लागतात ६५० पर्यंत. मधली उडी इन्व्हर्टरमधले अर्धवाहक स्विच मारतात, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत. प्रत्येक वेळी गाडी वेग घेते तेव्हा ते तापतात, मग निवतात. त्यांच्याखालचं डाग दिलेलं धातूचं जोडकाम थोडं ताणतं, थोडं आखडतं. वर्षं गेली की त्याला तडे जातात. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे स्विच जास्त तापून बिघडू शकतात म्हणून १९ लाख प्रियस परत बोलावल्या गेल्या. बिघाड झालाच तर गाडीनं कमी ताकदीवर, लंगडत का होईना, कडेला जावं अशी सोय होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये कळलं की क्वचित प्रसंगी ती सोयच चालू होत नाही आणि गाडी रस्त्यातच बंद पडते. तेव्हा पुन्हा २४ लाख गाड्या बोलावल्या. २०२० मध्ये आणखी साडेसात लाख. महामार्गावर मागून ट्रक येत असताना ताकद जाणं म्हणजे काय, हे नागपूर रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आता ती बॅटरी, जिची सगळ्यांना भीती वाटते. ती बिचारी फार संयमानं जगते. संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी रिकामी होऊ देत नाही. साठ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. म्हणून तर निकेलची बॅटरी दहा-दहा वर्षं टिकते. तिला मारतो तो उन्हाळा. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, आणि बॅटरीचं झिजणं हीसुद्धा रासायनिक क्रियाच. भिलाईत मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो; उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत साठच्या वर. त्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा हवा ओढतो ती तुमच्या केबिनमधली. मागच्या सीटच्या बाजूला प्लास्टिकची एक जाळी असते. बहुतेकांना ती स्पीकरची वाटते. कोणी तिच्यावर पिशवी टेकवतं, कोणी सीट कव्हरच चढवतं. आपली लाल धूळ आणि सीटच्या कापडाचे तंतू मिळून तिच्यामागे नमद्यासारखा थर धरतो. पंखा जोरात ओरडतो, हवा मात्र येत नाही. मधले सेल कडेच्या सेलपेक्षा जास्त तापतात आणि आधी म्हातारे होतात. ती जाळी काढून साफ करायला दहा मिनिटं लागतात.

नारिंगी वायरींबद्दल थोडक्यात. गाडी बंद केली किंवा एअरबॅग फुटली की रिले उघडतात आणि मोठा विद्युतदाब बॅटरीतच कोंडला जातो. शिवाय या वायरींतून वीज बॉडीत झिरपते का, हे गाडी स्वतःच तपासत असते. तरीही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधला विद्युतदाब ओसरायला दहा मिनिटं लागू शकतात, म्हणून बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही रबरी हातमोजे आणि थांबणं दोन्ही सक्तीचं. घरचा इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याला हे काम देऊ नये.

आणि एक शांत धोका. हायब्रिड चालू असताना आवाज येईलच असं नाही. गॅरेजचं शटर बंद करून, गाडी चालूच ठेवून माणूस घरात गेला, तर बॅटरी उतरल्यावर इंजिन आपणहून सुरू होतं आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. उतरताना डॅशबोर्डवरचा ‘रेडी’ दिवा विझलाय का ते बघून मगच दार लावावं.

भारतात हायब्रिड आल्या त्या २००८ ची होंडा सिव्हिक, २०१० ची प्रियस, २०१३ पासून बिडदीत जोडली जाणारी कॅमरी. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. २०२२ च्या हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी आणि हायक्रॉस त्याच वाटेनं येतील. आपल्याकडे गाड्या सक्तीनं परत बोलावण्याचे, म्हणजे रिकॉलचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले, पण ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहेत. अमेरिकेत रिकॉलची मोफत दुरुस्ती पंधरा वर्षांपर्यंत मिळते. वर सांगितलेले झडपांचे, डागकामाचे, गंजलेल्या पिनांचे बिघाड बरेचदा दहाव्या वर्षाच्या आसपास डोकं वर काढतात. म्हणजे कायदा हात काढून घेतो त्यानंतरच ते सुरू होतात. ही मर्यादा वाढवायलाच हवी. लोको शेडमध्ये इंजिन बिघडायची वाट बघत नाहीत, ठराविक मुदतीनं ते आत घेऊन तपासतात. रस्त्यावर माणसं वाहून नेणाऱ्या गाडीला त्याच तंत्रासाठी कमी काळजी पुरेल, याला काही आधार नाही.

तोवर, जुनी हायब्रिड घ्यायला निघालात तर गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर डीलरकडे द्या आणि आजवर निघालेल्या रिकॉलपैकी कुठलं काम व्हायचं राहिलंय ते लेखी मागा. मग गाडी चालू करून पाच मिनिटं काचा वर, एसी आणि गाणी बंद ठेवून बसा. ब्रेकवरचा पाय काढा आणि पंप किती वेळा वाजतो ते मोजा.