आम्लेट फसतं ते सारणामुळे

भरलेलं आम्लेट घडी घालताना फाटलं, ताटलीत त्याला पाणी सुटलं किंवा ते चिवट झालं, की खापर अंड्यांवर फुटतं. अंडी कमी पडली, दूध घालायला हवं होतं, गावठी अंडी आणायला हवी होती. खरं तर अंडं आपलं काम चोख करत असतं. बिघाड असतो सारणातल्या पाण्यात आणि आचेत. अंड्यात मुळातच सुमारे ७५ टक्के पाणी आणि १२ ते १३ टक्के प्रथिनं असतात. तापल्यावर प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. पांढरं साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतं, पिवळं ६५ ते ७० च्या दरम्यान. मोठ्या आचेवर ही जाळी आवळत जाते आणि पाणी पिळून बाहेर पडतं. ‘पटकन’ केलेलं आम्लेट चिवट होतं ते यामुळे. दुधाने आम्लेट मऊ होतं हे खरं, पण दुधात ८७ टक्के पाणी. भुर्जीत ते खपून जातं. सारणाचं ओझं पेलायच्या आम्लेटात मात्र जाळी विरळ होते आणि घडीवर तडकते.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की कच्ची भाजी आत घालून झाकण ठेवलं की वाफेवर शिजते. वसईच्या वाड्यांतली पालेभाजी ताजी मिळते ही इथल्या घरांची चैन, पण ताजेपणा म्हणजेच पाणी. पालकात सुमारे ९१ टक्के, टोमॅटोत ९४, कांद्यात ८९. भाजी नीट मऊ व्हायला ८० अंशांच्या वरची उष्णता आणि वेळ लागतो. अंडं त्याआधीच जमून मोकळं होतं. मग भाजी कच्ची राहते, नाहीतर तिची वाट पाहताना अंडं करपतं. मीठ पडलं की सुटलेलं पाणी घडीत साचतं, ते वेगळंच. यावर कोणी म्हणेल, गाडीवरच्या आम्लेट-पावात कांदा-टोमॅटो कच्चेच असतात, ते कसं जमतं? ते आम्लेट पातळ, भाजी बारीक चिरलेली, दोन्ही बाजूंनी उलटलेलं. वाफेला वाट मोकळी असते. घडीच्या आत ती कोंडते.

म्हणून सारण आधी परतून, पाणी आटवून, थोडं निववून घ्यावं. सकाळी विरार लोकल गाठायची असताना एवढा उद्योग कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. पण हे काम सकाळचं नाहीच. आदल्या रात्री परतलेलं सारण फ्रीजमध्ये छान राहतं. शिवाय अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतच्या किनाऱ्यावर सुका जवळा घरोघरी ओळखीचा. निवडून, धुऊन, कांद्यावर कोरडा परतला की त्याच्यासारखं पाणी न सोडणारं सारण नाही. कोलंबी किंवा चिकन तर कच्चं कधीच घालू नये. घडीच्या आत ते सुरक्षित शिजेल याचा भरवसा नाही. आणि चौघांसाठी आठ अंड्यांचं एकच आम्लेट केल्याने वेळ वाचतो, हाही भ्रम. जाड थर खालून करपतो, वर ओला राहतो. दोन अंडी, तीन चमचे सारण, मंद-मध्यम आच, असं एकेक करून वाढलेलं बरं.

राहिला अंड्यांचा प्रश्न. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, पोषणावरून नाही, आणि तपकिरी अंडी पोल्ट्रीतूनही येतात. रंगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. पिवळं काढून टाकण्याची पद्धत मात्र आम्लेटाच्या मुळावर येते. मऊपणा देणारी सगळी चरबी पिवळ्यात, जीवनसत्त्व अ आणि ड सुद्धा तिथेच. एका अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. पण अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेनेही दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत वगळली, कारण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी अंडं अख्खं फोडावं आणि हात आखडायचाच तर तव्यावरच्या बटरवर आखडावा.