डागी सफरचंदांचा आयरिश केक

फळबाग असलेल्या प्रत्येक घराला डागी मालाचा प्रश्न ठाऊक आहे. वाऱ्याने गळलेले, मार लागलेले किंवा पक्ष्याने टोचलेले फळ व्यापारी पेटीत घेत नाही, आणि घेतलेच तर भाव पाडून घेतो. घरात ठेवावे तर चार दिवसांत ते कुजू लागते. जखमी फळातून एथिलीन वायू जास्त सुटतो, त्यामुळे शेजारचे चांगले फळही लवकर पिकून उतरते. डाळिंब असो, पेरू असो की आंबा, ही रड सगळीकडची आहे. आयर्लंडमधील शेतकरी कुटुंबांनी सफरचंदाच्या बाबतीत यावर जे घरगुती उत्तर शोधले, त्यातलेच एक म्हणजे तिकडचा जुना सफरचंदाचा केक.

केक हा शब्द वाचून भगिनींनी बेकरीच्या काचेआडचा, मलईने सजवलेला केक डोळ्यांपुढे आणू नये. हा शेतघरातला पदार्थ आहे. दिसायला तो आपल्या पुरणपोळीचा जाडजूड, लांबचा नातेवाईक वाटेल. खाली पिठाचा थर, वर पिठाचा थर आणि मध्ये सफरचंदाच्या फोडी. त्यात लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरच्याच असत. लोणी, अंडी, दूध किंवा ताक गोठ्यातून आणि खुराड्यातून येई, सफरचंद परसातून. विकत आणायची ती साखर, सोडा आणि दोनचार लवंगा. तिकडे अंड्यांचा व लोण्याचा पैसा हा घरच्या बाईचा हक्काचा पैसा समजला जाई. त्यामुळे विकण्याजोगे लोणी ती मोजूनच केकात घालत असणार, हे तुम्हाला सांगायला नको. पुढे १८८९ साली लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलॉगर येथे आयर्लंडची पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली आणि दूध हळूहळू घराबाहेर जाऊ लागले. दूध डेअरीला घातल्यावर घरातले ताक कमी होते, हा अनुभव आपल्याकडेही आहेच.

आता या केकाची घडण अशी का झाली, ते पाहू. आयर्लंड हे अटलांटिक महासागराच्या कडेचे बेट. बारमाही पाऊस, उन्हाळाही थंडगार. अशा हवेत गवत भरपूर येते, म्हणून गाई आणि लोणी मुबलक. पण गव्हाला कोरडे ऊन मिळत नाही. तिकडचा गहू मऊ, प्रथिनांना कमी. त्याच्या पिठाला चिवटपणा नसल्याने यीस्टने फुगवलेला पाव नीट उभा राहत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा खेडोपाडी पोहोचला, तेव्हा आयरिश गृहिणीने तो लगेच उचलला. ताकातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि मऊ पीठही हलके होते. तिकडचा प्रसिद्ध सोडा ब्रेड याच युक्तीवर होतो, आणि सफरचंदाचा केक त्याच घराण्यातला आहे.

दुसरी गोष्ट भट्टीची. गरीब शेतघरात भिंतीतली भट्टी क्वचितच असे. मोठ्या चुलाण्यात टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले पीट, जळत असे आणि त्यावर लोखंडी दांड्याला भांडी टांगलेली असत. भाजण्याचे काम बॅस्टिबल नावाच्या भांड्यात होई. हे बिडाचे, सपाट बुडाचे, तीन आखूड पायांचे आणि घट्ट झाकणाचे पातेले. ते विस्तवावर ठेवायचे आणि झाकणावर चिमट्याने निखारे रचायचे. खालून आणि वरून अशी दोन्हीकडून आच मिळाली की झाली भट्टी. कोकणातल्या भगिनींना हे वाचून हसू येईल, कारण काकडीचे धोंडस त्या अशाच रीतीने करतात. गोव्यातल्या बेबिंकेचे थरही वरच्या निखाऱ्यावरच भाजले जातात. तेव्हा ओव्हन नाही म्हणून केक नाही, ही समजूत सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट फळाची, आणि कृषी खात्याच्या माणसाला तिच्यावर थोडे जास्त बोलू द्यावे. या केकाला खाण्याचे गोड सफरचंद लागत नाही, शिजवायचे आंबट सफरचंद लागते. त्या जातीत ब्रॅमली प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील साउथवेल गावी १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने लावलेल्या बीपासून त्याचे पहिले झाड उगवले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली याने घेतले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर याने कलमे करण्याची परवानगी मागितली, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे अशी अट ब्रॅमलीने घातली. झाड मुलीने लावले आणि नाव घरमालकाचे लागले. आजचे प्रत्येक ब्रॅमली झाड हे त्या एका झाडाच्या काडीवरून वाढलेले आहे, जसे आपले हापूस कलमावरच चालते. १८८४ साली ही जात आयर्लंडच्या उत्तरेकडील आर्मा परगण्यात गेली आणि तिकडे इतकी रुजली की २०१२ साली आर्मा ब्रॅमलीला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. या झाडाची एक खोड आहे. त्याचा पराग जवळजवळ निकामी असतो. म्हणून बागेत दुसऱ्या दोन जाती लावाव्या लागतात, म्हणजे ब्रॅमलीलाही फळ धरते आणि त्या दोघी एकमेकींचे परागीभवन करतात. ब्रॅमलीच्या फोडी शिजल्या की गर फुलून अगदी मऊ होतो आणि आंबटपणा टिकून राहतो. लोणी-साखरेच्या जड आवरणाला हा आंबटपणाच तोलून धरतो.

आपल्या बाजारात काश्मीर आणि हिमाचलची सफरचंदे येतात ती खाण्याच्या जातीची. ती शिजूनही आकार धरून राहतात आणि गोड असतात. त्यातल्या त्यात घट्ट, किंचित आंबट फळे निवडा आणि फोडींवर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. मऊ, पिठूळ झालेले सफरचंद मात्र घेऊ नका. बाजार उठताना डागी फळे स्वस्तात मिळतात, ती या कामाला चांगली. फक्त डाग आणि बुरशी यांत फरक करा. मार लागून तपकिरी झालेला भाग कापून उरलेले फळ वापरता येते. निळी-हिरवी बुरशी धरलेले किंवा आतून कुजलेले सफरचंद मात्र सबंध टाकून द्यावे. त्या बुरशीचे पॅट्युलिन नावाचे विष चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरते आणि शिजवूनही पुरते नाहीसे होत नाही.

साहित्य असे घ्या. मैदा २२५ ग्रॅम, थंड लोणी ११० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, अंडे १, दूध ७५ ते १०० मिलिलिटर, बेकिंग पावडर १ सपाट चहाचा चमचा, चिमूटभर मीठ. मध्ये भरण्यासाठी सफरचंदे ३०० ग्रॅम, साखर २ मोठे चमचे, कुटलेल्या लवंगा २ किंवा ३. कोणी लवंगेऐवजी दालचिनी घालतात, पण माझे मत लवंगेला. विकतचे खारे लोणी असेल तर मीठ वगळा. घरचे लोणी असेल तर ते धुऊन, दाबून पाणी काढून टाका.

मैदा, मीठ व बेकिंग पावडर एकत्र चाळा. त्यात लोण्याचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळा. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तीच क्रिया, पण मोहन कडकडीत असते आणि हे लोणी गार हवे. पीठ जाडसर रव्यासारखे दिसले की साखर मिसळा. मग फेटलेले अंडे आणि बेताबेताने दूध घालून मऊ गोळा जमवा. अंड्याचा चमचाभर भाग वर लावायला मागे ठेवा. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पोळीची कणीक आपण तिंबतो, हे पीठ तिंबायचे नाही. आपल्या मैद्यात चिवटपणा तिकडच्या पिठापेक्षा जास्त, त्यामुळे मळले की केकाची भाकरी होते. गोळा जमला की हात थांबवावा.

गोळ्याचे दोन भाग करा. २२ सेंटिमीटरच्या, कडा असलेल्या थाळीला लोणी लावून एक भाग हाताने थापा. सफरचंदे सोलून, बिया काढून पातळ फोडी करा, त्यावर पसरा, साखर-लवंग भुरभुरा. फोडी आधी चिरून ठेवू नका, त्यांना पाणी सुटते आणि खालचा थर कच्चा राहतो. दुसरा भाग पिठी लावून प्लॅस्टिकच्या कागदावर थापा, वर पालथा घाला, कडा दाबा. मधोमध सुरीने चीर द्या म्हणजे वाफेला वाट मिळेल. वर राखलेले अंडे किंवा दूध लावा.

ओव्हन असेल तर १८० अंश सेल्सिअसला साधारण ४० मिनिटे. चुलीवर करायचे तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तिवई ठेवून पातेले आधी तापवा, थाळी ठेवा, झाकण लावा. गोवऱ्यांचे निखारे मंद आणि एकसारखी आच देतात, तेच घ्या. एक वाटा खाली, दोन वाटे झाकणावर. नेमकी उलट चूक बहुतेक ठिकाणी होते आणि बूड करपते. गॅसवर जाड कढईत किंवा जुन्या कुकरात दोन बोटे स्वच्छ, कोरडी वाळू घाला, तिवई ठेवा, झाकून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा, मग थाळी ठेवून मंद आचेवर ५० ते ६० मिनिटे भाजा. कुकर वापरलात तर रबर आणि शिट्टी दोन्ही काढायची, हे विसरू नका. गॅसवर वरचा थर फिकट राहतो, चवीला फरक पडत नाही. मधोमध सुरी खुपसून पाहण्यात अर्थ नाही, सफरचंदामुळे ती ओलीच निघणार. कडेचा थर कोरडा झाला आणि फोडीत सुरी अलगद शिरली की केक झाला.

अंडे न खाणाऱ्या घरांनी बेकिंग पावडर, दूध व अंडे यांऐवजी पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा पिठात चाळून घ्यावा आणि १०० ते १२० मिलिलिटर दाट, आंबटसर ताक घालावे. सोडा सपाट चमच्याने मोजा, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. ताक पडताच वायू निघू लागतो, म्हणून भट्टी आधी तापलेली हवी.

आयर्लंडच्या उत्तर भागात बटाट्याचा सफरचंद केकही करतात. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात थोडे पीठ व लोणी मिसळून पारी करतात, सफरचंद भरून तव्यावर भाजतात आणि मग वरून उघडून आत साखर व लोणी सोडून पुन्हा झाकतात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन सणाला तो ठरलेला. ज्यांच्याकडे बटाटा निघतो त्यांनी हा जरूर करून पाहावा.

असे पदार्थ कागदावर आणून मानाने पानात वाढण्याचे मोठे काम कॉर्क परगण्यातील मर्टल अ‍ॅलन या शेतकऱ्याच्या पत्नीने केले. १९६२ पासून त्या ‘आयरिश फार्मर्स जर्नल’ या शेतीविषयक साप्ताहिकात पाककलेचे सदर लिहू लागल्या आणि १९६४ साली बॅलीमलू येथील आपल्या राहत्या शेतघरातच त्यांनी खानावळ सुरू केली. तिची कीर्ती पुढे देशोदेशी गेली. त्यांची सून डॅरिना अ‍ॅलन यांनी १९८३ साली जवळच पाकशाळा काढली. आपल्याकडील फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणात विषय जॅम आणि सरबतापुढे फारसा सरकत नाही, तेव्हा हे उदाहरण मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

केक गरम असतानाच खावा, सोबत साय किंवा पातळ कस्टर्ड. फळ ओले असल्याने तो फार टिकत नाही. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी संपवावा, फ्रीज असल्यास तीन दिवस, आणि खाण्यापूर्वी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करून घ्यावा.