शेजारचं शेत पडीक पडलं की... (महाड-पोलादपूरची वरकस जमीन)

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. कूर्ग, चिकमगळूर म्हणजेही सह्याद्रीच. पाऊस तिथेही भरपूर आणि महाड-पोलादपूरलाही भरपूर. मग इथल्या डोंगरउतारावर लहान शेतकऱ्याने कॉफी का लावू नये? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधताना आपण कॉफीपासून बरेच लांब जाणार आहोत, तेव्हा थोडा धीर धरा.

आधी हवामान बघू. महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कॉफीला नुसता पुष्कळ पाऊस पुरत नाही. तिच्या कळ्या थंडीत तयार होतात आणि थांबून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढरी होते. मग फळ धरायला काही आठवड्यांनी दुसरी सर लागते. कोडगूला या सरी बहुतेक वर्षी मिळतात. आपल्याकडे वळीव येतो तो मे महिन्यात, आलाच तर. पाणी देऊन हे साधता येतं, आणि रोबस्टा लावणारे कित्येकजण तुषार सिंचनाने ते साधतातही. पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये प्यायचं पाणी टँकरने येतं. तिथे झाडाला काय घालणार? शिवाय उंचीचाही प्रश्न आहे. अरेबिका साधारण हजार मीटरच्या वर चांगली येते, रोबस्टा पाचशेच्या वर. आंबेनळी घाटाच्या पायथ्याची बहुतेक गावं त्याहून खाली आहेत. महाराष्ट्रात कॉफी होते ती अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, अकराशे मीटरच्या आसपास, आणि तीही थोडीच.

एक गंमत सांगतो. कॉफी बोर्डाच्या हिशेबात 'लहान उत्पादक' म्हणजे १० हेक्टरपर्यंतची बाग असलेला, म्हणजे २५ एकर! देशातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी उत्पादक या 'लहान' गटात मोडतात. आपल्याकडे २५ एकर असलेल्याला गाव खोत म्हणेल. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये जमीन मोजतात ती गुंठ्यांत. म्हणून 'लहान शेतकऱ्याचं उत्पादन' हे शब्द एका प्रांतातून उचलून दुसऱ्या प्रांतावर ठेवता येत नाहीत.

तर मग इथे उतारावर काय पिकतं? नाचणी आणि वरी. खाली सपाटीला बांध घातलेल्या खाचरांत भात, आणि वरच्या हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीला म्हणायचं वरकस. जुनी रीत अशी, की पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे तीळ किंवा खुरासणी, आणि मग काही वर्षं जमीन ओस सोडायची. ही ओस जमीन म्हणजे आळस नव्हे. पातळ मातीला परत जीव धरायला तेवढा वेळ लागतोच.

नाचणी कमी का झाली, असं विचारलं की लोक पाऊस लहरी झाला, बियाणं जुनं आहे, भाव नाही, ही तीन कारणं देतात. तिन्हीत तथ्य आहे. पण बियाण्याचं म्हणाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारित वाण दिलेले आहेत. भावाचं म्हणाल तर २०२३-२४ साली नाचणीची हमी किंमत क्विंटलला ३,८४६ रुपये होती. भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षही त्याच २०२३ सालात साजरं झालं. ज्याच्या घरी नाचणी जेमतेम वर्षभराच्या भाकरीपुरती होते, त्याला हमी किंमतीने काय फरक पडणार? आमच्या मते खरं कारण वेगळं आहे, आणि ते आहे माणसांचे हात.

कामाचं वेळापत्रक बघा. उन्हाळ्यात कवळं तोडायची, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा. जूनच्या पहिल्या पावसावर पेरणी. जुलैत लावणी. आणि नेमकी त्याच पंधरा-वीस दिवसांत भाताचीही लावणी असते. घरात चार माणसं असली तर दोन्ही निभतं. दोनच असली तर भात आधी, वरकस नंतर, आणि 'नंतर' म्हणजे पुष्कळदा नाहीच. रोप उशिरा लागलं की फुटवे कमी, फुटवे कमी की कणसं कमी. पूर्वी हे सावडीने निभायचं. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. पण सावडीला आठ-दहा घरं लागतात. तरुण मंडळी मुंबईला, काही महाडच्या एमआयडीसीत. वाडीत राहिली म्हातारी माणसं. त्यांच्यात सावड व्हायची कशी?

आता खरा पेच बघा. दहा जणांची नाचणी एका डोंगरावर असे तेव्हा राखणही वाटून होत असे. माळ्यावर रात्री कुणी ना कुणी जागा. दहापैकी सात शेतं पडीक पडली की तिथे झुडूप वाजतं आणि रानडुकरांना लपायला जागा मिळते. पूर्वी दहा शेतांत वाटलं जाणारं नुकसान आता उरलेल्या तिघांवर येतं. वनखात्याकडून भरपाई मिळू शकते, पण अर्ज, पंचनामा, तालुक्याच्या फेऱ्या. दोन गोण्या नाचणीसाठी त्या कोण घालणार? मग तिघांतला एक थांबतो आणि उरलेल्या दोघांचं आणखी अवघड होतं. म्हणजे माझ्या शेतात किती पिकणार, हे माझ्या मातीइतकंच माझ्या शेजाऱ्यावर ठरतं. खत किंवा बियाणं देऊन हा आकडा हलत नाही, कारण अडचण एका शेताची नाहीच.

त्यात २२ जुलै २०२१ आहेच. त्या दिवशी महाड तालुक्यात तळीयेला दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी आल्या. या भागाने २००५ च्या जुलैतही हेच पाहिलं होतं. माणसांच्या हानीपुढे शेताचं बोलू नये असं वाटतं, पण मागे राहिलेल्यांना खायला शेतच लागतं. दरडीच्या खाली आलेलं, दगडगोटे भरलेलं खाचर पुन्हा उभं करायचं म्हणजे बांध नव्याने रचायचे, माती आणून भरायची. इथेही पुन्हा हातच लागतात.

मग काजू लावा, असं सांगितलं जातं, आणि सल्ला वाईट नाही. काजूला उन्हाळी पाणी फारसं लागत नाही, वेंगुर्ल्याची कलमं चांगली आहेत, रानडुकराचा त्रासही नाचणीपेक्षा कमी. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळत आलं. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणासाठी किमान क्षेत्र १० गुंठे इतकं खाली आणलं आहे. पण शेजार इथेही सुटत नाही. पडीक जमिनीत गवत कमरेएवढं वाढतं, कापायला कोणी नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा आला की तो हद्द बघत नाही. तीन वर्षं जपलेली कलमं एका दुपारी जातात. आपल्या बांधावर जाळरेषा काढता येते, पण तिचा उपयोग पलीकडच्यानेही थोडं गवत काढलं तरच.

आणि पलीकडचा असतो कुठे? बहुतेकदा मुंबईला. सातबारावर चार-सहा नावं, चुलते, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. सामाईक जमिनीवर अनुदान घ्यायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. ही सगळी मंडळी एकत्र गावी भेटतात ती गणपतीत. तेव्हा सह्या होतात, पण कलमं लावायचा जून-जुलै तोवर निघून गेलेला असतो, आणि खड्डे पुढच्या पावसावर जातात.